तापमापकही सावलीतच ठेवतात

एप्रिल लागला की नागपुरात दोन गोष्टी न चुकता होतात. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि मोबाइलवर उष्माघाताचं सूचनापत्रक येतं. कूलरबद्दल माझी तक्रार नाही. पत्रकाबद्दलही फारशी नाही. तहान नसली तरी पाणी प्या, ताक घ्या, लिंबूपाणी घ्या, डोकं झाका, हे सगळं शहाण्या माणसानं लिहिलेलं आहे. भांडण आहे ते एका ओळीशी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांमधून ती गावोगावच्या पत्रकांत उतरते. दारू, चहा, कॉफी आणि गॅसची शीतपेयं टाळा, त्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, असं ती सांगते.

दारूच्या मांडीला मांडी लावून चहा! गेल्या मे महिन्यात दुपारी साडेतीनला मी पायात चपला सरकवत होते, तेव्हा भाच्यानं हीच ओळ मला मोठ्यानं वाचून दाखवली. वर म्हणाला, "मावशी, एवढ्या उन्हात कायले जाऊन राहिली? अन् तेही चहा प्याले!" त्या वेळी मी उत्तर दिलं नाही, कारण ठेल्यावरची पहिली खेप उतरायची वेळ झाली होती. आता देते.

आधी पाण्याचा हिशेब. चहात कॅफिन असतं, कॅफिननं लघवीला जास्त होते, म्हणून चहा प्यायला की अंगातलं पाणी आटतं, अशी ही साखळी आहे. तिची शेवटची कडी कच्ची आहे, कारण चहा हे मुळात पाणीच. आत गेलं त्यापेक्षा बाहेर जास्त गेलं का, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकवीस निरोगी पुरुषांना दिवसभरात चार किंवा सहा मग काळा चहा दिला, दुसऱ्या खेपेला तेवढंच उकळलेलं कोमट पाणी दिलं, आणि दोन्ही वेळा रक्त व लघवी तपासली. शरीरातल्या पाण्यात सांगण्यासारखा फरक सापडला नाही. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी कॉफीची सवय असलेल्या पन्नास पुरुषांना रोज चार कप कॉफी देऊन असंच पाहिलं आणि निष्कर्ष तोच आला. २०१६ मध्ये तेरा पेयांची एकत्र तुलना झाली, त्यात चहा पाण्याच्याच पंगतीत बसला आणि दूध पाण्याच्याही पुढे गेलं, कारण दुधातलं पाणी शरीरात जास्त वेळ टिकतं. आता आपल्या ठेल्यावरच्या ग्लासात काय असतं ते पाहा. पाणी, दूध, साखर, अद्रक, चिमूटभर पत्ती. ग्लासही केवढा, तर चार घोटांचा. सवय नसलेल्यानं एकदम भरमसाट कॅफिन घेतलं तर लघवी वाढते हे खरं आहे. पण त्यासाठी ठेल्यावरचे चार घोट पुरत नाहीत.

मग उष्णतेचा आक्षेप येतो. बाहेर ४५ अंश, आणि हातात उकळता चहा? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसानं विचारला तर मी समजून घेईन. नागपूरकरानं विचारू नये, कारण त्याचं उत्तर त्याच्या खिडकीत बसवलेलं आहे. कूलर बर्फ तयार करत नाही. तो कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि खोली गार होते. म्हणूनच जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर चिकचिक वाढवतो आणि आपण तो बंद करतो. आपली कातडी हाच धंदा करते. हवा ४५ अंशांवर गेली की ती अंगापेक्षा तापलेली असते, पंखा वाऱ्याऐवजी झळा फेकतो, आणि उष्णता बाहेर टाकायला घाम उडणं हा एकच रस्ता शरीराकडे राहतो. मे महिन्यातली आमची दुपार इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही. येतो आणि उडतो. कपड्यांवर मिठाच्या रेघा तेवढ्या मागे राहतात.

गरम पेयानं या यंत्रणेत काय होतं, हे कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात २०१२ साली तपासलं गेलं. सायकल चालवणाऱ्या पुरुषांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी पाजलं. बर्फगार पाण्यापासून ५० अंशांच्या पाण्यापर्यंत. ५० अंशांचं पाणी पिणाऱ्यांच्या शरीरात शेवटी सर्वांत कमी उष्णता साठली होती. गरम पाण्यानं आत जेवढी उष्णता टाकली, त्यापेक्षा जास्त उष्णता वाढलेल्या घामानं बाहेर नेली. अट एकच, सगळा घाम उडून गेला पाहिजे. हिशेब घरबसल्याही जमतो. ऐंशी मिलिलिटर चहा ६० अंशांवर प्यायलात, तर शरीराच्या ३७ अंशांच्या वर तो साधारण १,८०० कॅलरी उष्णता घेऊन येतो. या आहारातल्या नाहीत, भौतिकशास्त्रातल्या लहान कॅलरी. एक ग्रॅम घाम उडताना ५८० च्या आसपास कॅलरी नेतो. म्हणजे तीनेक ग्रॅम घाम, चहाचा चमचाही पुरता भरत नाही, तेवढ्यात हिशेब चुकता होतो. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्यापुढे त्या ग्लासाची काय बिशाद?

मी चहाला औषध म्हणत नाही. तो प्रयोग मोजक्या माणसांवर, बेताच्या तापमानाच्या खोलीत झाला होता, मेडिकल चौकात भर दुपारी नव्हे. गार पाणी सोडून चहा प्या, असंही त्यातून निघत नाही. निघतं ते इतकंच की कोरड्या उन्हाळ्यात एक ग्लास चहानं माणूस तापतो हा आरोप टिकत नाही, आणि तो सुकतो हाही नाही. मग ज्या आरोपीवर गुन्हा शाबीत होत नाही, त्याला दरवर्षी दारूच्या शेजारी का उभं करायचं?

कारण वेगळं आहे, आणि ते त्याच पत्रकाच्या पहिल्या ओळीत आहे. दुपारी १२ ते ३ उन्हात बाहेर पडणं टाळा. या ओळीत एक माणूस गृहीत धरलेला आहे. त्याला घर आहे, घराला स्लॅब आहे, कूलरला वीज आणि पाणी आहे, आणि दुपारी घरी थांबल्यानं त्याची मजुरी बुडत नाही. अशा माणसाला दुपारी चहासाठी बाहेर पडायचं कारण नाही, हे मान्य. पण साडेतीनला आमच्या ठेल्यावर जो जमतो, तो हा माणूस नव्हे. कळमन्याच्या मार्केट यार्डात पोती वाहिलेला हमाल, दोन बांधकामांच्या मधला गवंडी, ऑटोवाला, पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला पोरगा, बारा तासांच्या ड्युटीतला सुरक्षारक्षक. शासकीय मेडिकलमध्ये वॉर्डाबाहेर बसलेला, गडचिरोलीहून किंवा पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून आलेला रुग्णाचा भाऊ. यांना घरी बसा म्हणणं म्हणजे भुकेल्याला अजीर्णाचे तोटे सांगणं. यांच्यापैकी कित्येकांचं घर टिनाच्या छताचं आहे. दुपारी त्यात बसण्यापेक्षा कडुनिंबाखाली उभं राहणं बरं.

वेधशाळा मे २०१३ मध्ये नागपूरला ४७.९ अंश नोंदवते, ते कुठे मोजते? पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून उंच, सावलीत. उन्हात ठेवलेला तापमापक स्वतःच तापतो आणि चुकीचं सांगतो, म्हणून त्याला सावली द्यावी लागते. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर खळबळ उडाली, आणि हवामान विभागानं तपासून यंत्रातला बिघाड जाहीर केला. यंत्र बिघडलं तर त्याची चौकशी होते. आपण पेपरात वाचतो तो आकडा सावलीतला आहे आणि गवंड्याच्या डोक्यावरचं ऊन त्यात धरलेलंच नाही, याची चौकशी कोण करतं? तापमापकाला सावली लागते हे आपल्याला कळतं. माणसाला मात्र पत्रक पाठवून भागतं.

आता त्या ठेल्याकडे या. वर कडुनिंब. फांद्यांच्या मध्ये जिथे ऊन घुसतं तिथे हिरवी जाळी. एक बाकडं, दोन उलटे क्रेट, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ आणि त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. इथे येणारा कोणीही आधी चहा मागत नाही. आधी माठाकडे जातो, घटाघटा पाणी पितो, उरलेलं मानेवर ओततो, दुपट्टा भिजवून पुन्हा डोक्याला बांधतो आणि मग म्हणतो, "भाऊ, एक द्या, अद्रक जरा जास्त." आधी पाणी, मग चहा, ही आपल्या घरातली पाहुणचाराची रीत ठेल्यावरही तशीच चालते. सूचनापत्रक ज्या माणसाला पाणी प्या म्हणून कळकळीनं सांगतं, तो पाणी पितो ते याच ठिकाणी, आणि इथे तो येतो चहाच्या निमित्तानं. चहा काढून टाका, पाण्याची खेपही जाईल. फुकटच्या पाण्यासाठी रोज कोणाच्या दारात उभं राहायला माणसाला लाज वाटते. दहा रुपयांचा चहा घेतला की तो गिऱ्हाईक होतो आणि पाणी, सावली, बाकडं हे सगळं त्याच्या हक्काचं होतं.

अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा शहरी आराखडा केला आणि पुढे नागपूरनंही तो मार्ग धरला. पाणपोया, सावलीच्या जागा, लोकांना धोक्याची लक्षणं सांगणारी यंत्रणा, असं अशा आराखड्यांत असतं. चांगलंच आहे. पण पाणपोईचा माठ मे संपेपर्यंत कोण भरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. उद्घाटनाला फीत असते, पंधरा दिवसांनी तळाशी शेवाळ. ठेल्याचा माठ रोज भरला जातो, कारण तो रिकामा राहिला तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं. पाणपोईला निधी लागतो. ठेला ही स्वतःचा खर्च स्वतः काढणारी पाणपोई आहे, एवढं आराखड्यानं ओळखलं तरी पुष्कळ.

लक्षणं ओळखायचं म्हणाल, तर गेल्याच मे महिन्यातली गोष्ट सांगते. जेवणाचे डबे पोचवणारा एक पोरगा गाडी लावून बाकड्यावर बसला. चहा सांगितला आणि काही तरी असंबद्ध बोलायला लागला. ठेलेवाल्या काकांनी हातातली चाळणी तशीच ठेवली. पोराला झाडाच्या बुंध्याशी आडवं केलं, बूट काढले, ओला दुपट्टा छातीवर टाकला, मानेला आणि काखेत पाणी लावलं, पुठ्ठ्यानं वारा घालायला दुसऱ्याला बसवलं आणि एका ऑटोवाल्याला गाडी वळवायला सांगितलं. पोरगा क्षीण आवाजात म्हणाला, "काका, चहा..." काका म्हणाले, "चाय नाही भेटत तुले आज." चहा कधी द्यायचा नाही हे चहा विकणाऱ्याला ठाऊक होतं. पोरगा वेळेवर दवाखान्यात पोचला. घरात बसून पत्रक पुढे पाठवणाऱ्यांपैकी तिथे कोणीच नव्हतं, मीही दोन मिनिटं नुसती उभी होते.

चहावरचा आक्षेप चहावर क्वचितच असतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे, गोखले त्या मंडळींत होते. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या कपातल्या टॅनिनबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. प्रश्न होता तो कप कोणाच्या हातचा. आज भाषा बदलली आहे. धर्माच्या जागी आरोग्य आलं, पण काचेच्या दारामागे एसीत बसून दोनशे रुपयांची कॉफी पिणाऱ्याला ही ओळ कोणी वाचून दाखवत नाही. कॅफिन तिथेही आहे, आणि बहुधा जास्तच.

गांधीजींचा आक्षेप मात्र खरोखर चहावर होता, म्हणून त्याला आदरानं उत्तर दिलं पाहिजे. इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात त्यांचा मुक्काम असे, आणि १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहिताना त्यांनी चहातलं टॅनिन वाईट ठरवलं. चहानं जे बरं वाटतं ते त्यातल्या गरम पाण्यामुळे, दुधामुळे आणि साखरेमुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते अर्धं मान्य आहे. टॅनिनसारखी द्रव्यं अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत, म्हणून चहा जेवणाला लागून नको, विशेषतः बायकांनी. पण उकळलेलं पाणी, दूध आणि साखर चांगली, हे बापूंनीच कबूल केल्यावर राबून आलेल्या माणसाला ती तिन्ही दहा रुपयांत, झाडाखाली, कोण देतं ते सांगा. राहिला मुद्दा चहा परका असल्याचा. इंग्रजांनी तो आपल्या गळ्यात मारला हे खरंच आहे. १९०३ साली चहाच्या प्रचारासाठी कायद्यानं उपकर बसवला गेला, त्या पैशातून बाजारपेठा घडवल्या गेल्या. पण परकेपणाच्या निकषावर चहा सोडायचा, तर मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंदही सातासमुद्रापलीकडून आलेला आहे. एकादशीला काय खाणार?

माझ्या बाजूच्या मंडळींचंही थोडं ऐकवते. ठेला म्हणजे लोकशाही, तिथे सगळे सारखे, असं लिहिण्याची एक फॅशन आहे. सगळे म्हणजे कोण? माझ्या आईनं हयातीत एकदाही ठेल्यावर चहा घेतला नाही, तहानेनं जीव गेला तरी ती बाकड्यावर बसली नसती. मी पहिल्यांदा एकटी बसले तेव्हा गप्पा थांबल्या होत्या. त्या पुन्हा सुरू व्हायला आठवडा लागला. बाईसाठी ती सावली आजही पुरती मोकळी नाही. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलितांच्या कपबश्या वेगळ्या असत, त्या त्यांनाच विसळाव्या लागत, हेही याच चहाच्या इतिहासात आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंना सोबत घेऊन धम्म स्वीकारला, त्या शहरात बसून हे विसरणं शोभत नाही. ठेला आपोआप सर्वांचा होत नाही. माणसं तिथे जाऊन बसतात तेव्हा होतो.

आणि काही दोष ठेल्याचेच आहेत. कागदी कप बंद झाले पाहिजेत. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि खरगपूरच्या आयआयटीत केलेल्या अभ्यासात पंधरा मिनिटांत शंभर मिलिलिटर गरम पाण्यात प्लास्टिकचे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरलेले आढळले. काचेचा ग्लास हवा, आणि तो वाहत्या पाण्यात धुतलेला हवा, एकाच बादलीत बुचकळलेला नको. साखर निम्मी चालेल. शिवाय ६५ अंशांच्या वरचं कोणतंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं. आपल्या आज्या चहा बशीत ओतून फुंकर मारून पीत आणि आपण त्यांना गावंढळ समजत होतो. बशी परत आणायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरचा चहा म्हटल्यावर डॉली चायवाल्याचं नाव नाही? २०२४ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतला, जगानं तो व्हिडिओ पाहिला, त्या पोराचं नशीब फळफळलं, आनंद आहे. पण ती मेजवानी डोळ्यांची. त्या व्हिडिओसाठी डॉलीला हैदराबादला जावं लागलं होतं. मी ज्याच्या बाजूनं भांडते आहे तो ठेला कुठेही जात नाही, आणि रोज साडेतीनला तिथेच असणं हीच त्याची कर्तबगारी. रस्ता रुंद करताना सर्वांत आधी हलवला जातो तोही तोच, आणि त्याच्यासोबत बहुतेक वेळा तो कडुनिंबही जातो. फेरीवाल्यांच्या उपजीविकेचं रक्षण करणारा कायदा २०१४ पासून आहे. त्यातल्या नगर पथविक्रेता समितीनं जागा ठरवताना फुटपाथची रुंदी मोजावी, जरूर मोजावी. त्याच फेरीत सावलीही मोजावी.

तेव्हा भाच्या, तुझ्या ओळीचं मी असं करते. दारू तिथेच राहू दे, शीतपेयंही राहू देत, त्यांची वकिली मी घेतलेली नाही. चहा तेवढा खोड आणि खाली लिही: दुपारी बाहेर राहावंच लागलं तर तासाला एकदा जवळच्या ठेल्यावर थांबा. आधी दोन ग्लास पाणी प्या. दहा मिनिटं सावलीत बसा. मग वाटलं तर चहा घ्या, काचेच्या ग्लासात, फुंकर मारून. शेजारचा माणूस विचित्र बोलायला लागला तर त्याला आडवं करा, पाण्यानं भिजवा आणि १०८ ला फोन लावा.

एवढं लिहून झालं की छत्री घे आणि चल माझ्यासोबत. साडेतीन वाजत आले.